चाकणची प्रत

आमच्या ऑफिसात एक जोक दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. कुणाच्या तरी हातून डेटाबेस उडतो, किंवा उडता उडता वाचतो, आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "तुकोबांकडे बॅकअप होता. तुझ्याकडे?" तळवड्याच्या आयटी पार्कात हा जोक सुचणं साहजिक आहे. जेवणाच्या सुट्टीत गाडीला किक मारली तर इंद्रायणीच्या डोहावर जाऊन परत येता येतं, इतकं देहू जवळ.

मीही हा जोक केलाय. दोन वर्षांपूर्वी तो माझ्यावरच उलटला. तेव्हापासून मला वाटतंय की गाथेची गोष्ट आपण, विशेषतः आम्ही सॉफ्टवेअरवाले, फार सोपी करून वाचतो.

नोकरी सांभाळून मी सहा वेबसाइट्स चालवतो. 'चालवतो' हा शब्द तसा मोठाच झाला. भोसरीतलं एक वर्कशॉप, मोशीतलं एक मंगल कार्यालय, एक भजनी मंडळ, अशा त्या साइट्स. काम काय, तर वर्षातून एकदा डोमेनचे पैसे भरायचे आणि कुणी "साइट उघडत नाहीये" म्हणालं की आधी "तुमचं नेट चालू आहे का" विचारायचं. यात साहित्याची म्हणावी अशी एकच साइट होती. आमच्या सोसायटीतले एक काका आकुर्डीच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं मशीनवर होते. त्यांनी आणि त्यांच्या शिफ्टमधल्या मित्रांनी मिळून पंधराएक वर्षं एक छोटा दिवाळी अंक काढला. कामगारांच्या कविता, थोड्या आठवणी, वर्कशॉपवाल्यांच्या जाहिराती. शेवटचे अंक डीटीपीवर झाले होते. त्यांची सीडी काकांनी माझ्या हातात ठेवली.

फाइल्स उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी असंच चालायचं. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच. त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे साठवलेले असायचे आणि फॉन्ट त्या आकड्यांवर देवनागरी आकार चढवायचा. फॉन्ट गेला की भाषा गेली. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणीही वेगळी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण आपल्या छपाईच्या धंद्यात ती मुरायला पुढे बरीच वर्षं गेली. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ साली.

मी एक कन्व्हर्टर लिहिला. काका शेजारी बसून रफार आणि वेलांट्या तपासायचे. दीडशेच्या आसपास कविता साइटवर चढल्या. कुणी चोरू नये म्हणून राइट-क्लिक आणि कॉपी बंद करायची कल्पना माझीच. काकांना ती फार आवडली.

मग माझं कार्ड बदललं. नूतनीकरणाचे मेल मी वापरत नसलेल्या पत्त्यावर जात राहिले. होस्टिंग बंद झालं. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर. जुना लॅपटॉप मी विकला होता आणि सीडीवर ओरखडे पडले होते. डोमेन कुणीतरी उचललं आणि आता तिथे ऑनलाइन रमी आहे. इंटरनेट अर्काइव्हवर पाहिलं तर मुखपृष्ठ सापडलं, कविता नाहीत. त्या एका बटणामागे जावास्क्रिप्टने उघडायच्या आणि अर्काइव्हचा बॉट त्या बटणापर्यंत पोचलाच नव्हता. तेही डोकं माझंच.

'नेटवर टाकलेलं कायम राहतं' हे वाक्य मी स्वतः काकांना ऐकवलं होतं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मोजून पाहिलं तर २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. तिथे ही गत असेल, तर एका माणसाच्या एका कार्डावर तगलेल्या मराठी साइटचं काय होणार?

आता गाथेकडे येतो.

परंपरेनं सांगितलेली गोष्ट आपल्याला पाठ आहे. रामेश्वर भटांचा आक्षेप, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, तेरा दिवसांचं धरणं आणि वह्या कोरड्या वर. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'ने ती आपल्या डोळ्यांपुढे कायमची बसवली. दुसरं वाचन सुधारकी वळणाचं. वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून तरले. आणि तिसरं वाचन आमच्या ऑफिसातलं. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी अभंग लिहून ठेवले होते, म्हणजे संताजी हा ऑफसाइट सर्व्हर. आमच्या क्षेत्रात ३-२-१ असा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी. वही, माणसांची तोंडं आणि देहूपासून पंधरा-वीस किलोमीटरवरचं चाकण. नियम तंतोतंत बसतो आणि जोक हशा घेऊन जातो.

तिन्ही वाचनांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जे बुडालं तेच, जसंच्या तसं, परत आलं. माझी तक्रार इथे आहे. श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही, तो माझा प्रांतही नाही. पण तिसरं वाचन आमच्या धंद्यातलं आहे आणि ते आमच्याच धंद्याच्या कसोटीवर टिकत नाही.

आम्ही बॅकअप तपासतो तो चेकसम जुळवून. मूळ फाइल आणि प्रत यांत एका बिटाचाही फरक निघाला तर प्रत खराब, फेकून द्या. या हिशेबानं गाथेची एकही प्रत पास होणार नाही. मुंबई सरकारने २४ हजार रुपये देऊन विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्याकडून गाथा तयार करून घेतली. १८६९ पासून इंदुप्रकाश छापखान्यातून ती निघाली. त्यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथली हस्तलिखितं जमवली. ती एकमेकांशी जुळत नव्हती, म्हणून पाठभेद नोंदवावे लागले. आज 'शासकीय गाथा' म्हणून जी घराघरांत आहे, तिच्यामागे ही पंडितांची प्रत आहे. संताजींच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वह्या 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भाव्यांनी १९२० च्या आसपास 'अस्सल गाथा' म्हणून छापल्या. त्यांतले अभंग संख्येनं पुष्कळच कमी आणि लेखनाचा घाट बोलण्याजवळचा. 'अस्सल' या शब्दातच भांडण आहे. अस्सल कुठली, हे भांडण अभ्यासकांमध्ये अजून मिटलेलं नाही.

शिवाय संताजी कोण होते? चाकणचे तेली. घाणा चालवणारा माणूस. त्यांनी अभंग लिहून घेतले ते सुरक्षेसाठी नव्हे, हवे होते म्हणून. कडूसच्या गंगाराम मवाळांचंही तसंच. दोघांना एकाच दिवशी एकच अभंग दिला असता तरी दोन वह्यांत तो थोडा वेगळा उतरला असता, कारण दोघांचे कान वेगळे. सर्व्हर ऐकत नाही, फक्त साठवतो. संताजींना सर्व्हर म्हणताना आपण त्यांच्यातला ऐकणारा माणूस वजा करून टाकतो.

देहूच्या गाथा मंदिरात भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेत. तिथे उभं राहिलं की छाती दडपते. पण दगडावर एकच पाठ मावतो आणि तो कुणी घरी नेऊ शकत नाही. माझी साइट तशीच होती. बघा, हात लावू नका. दगड निदान होस्टिंगचे पैसे मागत नाही.

आपल्याकडच्या मराठी साहित्याच्या साइट्स या नजरेनं पाहा. कित्येक ठिकाणी कॉपी बंद. कविता अक्षरांत नसून चित्रात, म्हणजे गुगलला सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन ती वाचून दाखवू शकत नाही. इन्स्टाग्रामवर तर कविता म्हणजे फुलापानांच्या पार्श्वभूमीवरचं कार्डच. अ‍ॅपमध्ये वाचलेली गोष्ट अ‍ॅप बंद पडलं की गेली. यात दुष्टपणा कुणाचाच नाही. माझ्यासारखी पोरं लेखकाच्या काळजीपोटी हे करतात. पण परिणाम असा की ज्यांना मजकूर हवाय, त्यांच्या हातांनी तो जगण्याची वाट आपण आधीच बंद करतो आणि त्याचा जीव एका पासवर्डात ठेवतो.

यावर लेखकांचा आक्षेप खरा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर कवितेखालचं नाव पहिल्या फॉरवर्डमध्ये गळतं आणि दुसऱ्यात तिथे पुलं किंवा वपु येतात. कष्ट एकाचे, नाव भलत्याचं. पण ही चोरीही जुनीच. दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो त्या काळातही होता आणि चित्रपटात तो आपण पाहिलाय. त्यावर संतकवींचा उपाय कुलपाचा नव्हता, नाममुद्रेचा होता. नाव कवितेच्या बाहेर खाली न लिहिता शेवटच्या चरणात विणायचं, म्हणजे ते गळणार नाही. हा उपाय पक्का नव्हता. 'तुका म्हणे' जोडून इतरांनी रचलेले अभंगही गाथेत शिरले आणि ते वेगळे करताना संपादकांचा घाम निघाला. तरी त्यांनी धोका पत्करला तो भेसळीचा. आपण पत्करतोय तो नाहीसं होण्याचा. भेसळ निवडता येते. जे उरलंच नाही, त्यात निवडणार काय?

काकांना मी साइटचं सांगायला गेलो तेव्हा पोटात गोळा होता. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, लोकांना फोन करू की."

निगडीत त्यांच्या एका वारलेल्या सहकाऱ्याच्या घरी झेरॉक्सचं बाड निघालं. एका काकूंना तीन कविता पाठ होत्या. चाकणच्या एका कंपनीत काम करणाऱ्या एका भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा कविता पाठवल्या. मी विचारलं, कुठून घेतल्या? म्हणाला, "तुझ्याच साइटवरनं. कॉपी होत नव्हतं ना दादा, मग सेकंड शिफ्टच्या बसमध्ये बसून टाइप केल्या. मामाच्या ग्रुपवर टाकायच्या होत्या." माझं कुलूप या माणसाला आडवं आलं होतं. त्यानं ते ओलांडलं म्हणून अकरा कविता वाचल्या.

त्यातल्या एका कवितेत काकांनी लिहिलं होतं, 'पाळी संपली'. झेरॉक्समध्ये तसंच आहे. भाच्याच्या टायपिंगमध्ये झालंय 'कंपनी सुटली'. मी चूक म्हणून दुरुस्त करायला गेलो. काकांनी माझा हात धरला. दोन्ही प्रती पुन्हा वाचल्या आणि म्हणाले, "तेव्हा अंकात छापायचं म्हणून शुद्ध लिहिलं होतं. बोलताना आम्ही हेच म्हणायचो. राहू दे." एखादा संपादक काकांशी भांडेल की मूळ ते मूळ. त्याचंही खरं आहे. म्हणून मी भाच्याचा पाठ वर ठेवला आणि काकांचा खाली टीपेत. पंडितांनी केलं तेच, थोडं उलटं करून.

एकसष्ट कविता सापडल्या. उरलेल्या जवळजवळ नव्वद नाहीत. यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही. लोकगंगा सगळं तारत नाही. ती तेवढंच तारते जेवढं कुणालातरी हवं होतं आणि ज्याला हात लावता आला. या नव्वदांतल्या किती कविता कुणीतरी उतरवून घेतल्या असत्या आणि माझ्या कॉपी-बंदीमुळे कंटाळून सोडून दिल्या असतील, हा हिशेब मला कधीच लागणार नाही.

नवी साइट साधी आहे. प्रत्येक कवितेचं वेगळं पान आणि त्यावर नुसती अक्षरं. कवीचं नाव शेवटच्या ओळीला चिकटून, म्हणजे कॉपी करताना तेही सोबत येईल. वर एक बटण, 'सगळं उतरवून घ्या'. ते दाबलं की सगळ्या कवितांची एक फाइल फोनमध्ये येते. काका त्या बटणाला 'चाकणचं बटण' म्हणतात.

बासष्टावी कविता काकांनी परवा आठवून सांगितली. शेवटचं कडवं काही केल्या त्यांना आठवेना. मी ती तशीच अर्धी चढवली आणि खाली लिहिलंय, 'पुढचं कुणाकडे असेल तर पाठवा. शब्द थोडे वेगळे असले तरी चालतील.'