देवमाता आणि घरांतली आई

१९३४ ते १९३६ या दोनतीन वर्षांच्या अवधींत मराठी साहित्याला दोन आया लाभल्या. साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. आणि त्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चे भाग एकामागून एक बाहेर पडूं लागले. पहिल्या पुस्तकांतली आई मुलानें आठवलेली आहे. दुसऱ्या पुस्तकांतली स्वतःच बोलते. मुलाच्या आठवणींतली आई सोसते, समजावते, क्वचित् शिक्षाही करते. परंतु ती स्वतःकडे पाहून कधीं हंसत नाहीं. लक्ष्मीबाई पानोपानीं हंसतात, आणि बहुतेक वेळां स्वतःलाच. वाचकांनीं दोघींचाही आदर केला. तरी 'आई' म्हटलें म्हणजे घरोघर आठवण निघते ती श्यामच्या आईची. आई ऐकावयाची ती मुलाच्या तोंडून, अशी आपणां सर्वांस संवयच जडून गेली आहे.

या संवयीची किंमत कोणी दिली असेल तर ती विशेषेंकरून ख्रिस्ती आईनें, व त्यांतही कॅथलिक आईनें दिली आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें येथें थोडें विस्तारानें मांडावयाचें आहे.

आमच्या वर्धे जिल्ह्यांत कॅथलिक घरें थोडीं. नोकरीच्या निमित्तानें आलेलीं कुटुंबें येथें चारदोन वर्षें राहतात व पुढें जातात. अशाच एका वसईकडच्या कुटुंबाचा शेजार आम्हांस कांहीं वर्षें लाभला. घरांत तीन लहान मुलें. सकाळीं डबे, दप्तरें व एक हरवलेला मोजा यांची जी धांदल उडे, ती भिंतीपलीकडून ऐकतांना कोणाचा धर्म कोणता हें ब्रह्मदेवालाही सांगतां आलें नसतें. फरक कळे तो तिन्हीसांजेला. आमच्या घरीं 'शुभं करोति' होई तेव्हां तिकडे रोझरी सुरू होई. माळेचे मणी सरकत, मोठा मुलगा घाईनें उत्तरें देई, मधली मुलगी भावाला चिमटा काढी, आणि धाकटा दुसऱ्या दशकाच्या आंतच आईच्या मांडीवर झोपीं जाई. ती बाई जपाच्या मध्येंच, स्वर न बदलतां, चुलीवरचें दूध उतरवावयास सांगे. प्रायश्चित्तकाळाच्या चाळीस दिवसांत मुलें गोड सोडीत व किती दिवस उरले याचा हिशेब दिनदर्शिकेवर ठेवीत; त्या हिशेबावरून जीं भांडणें होत, तीं सोडवतांना आईच्या उपासाची खरी परीक्षा होई. नाताळांत त्यांच्याकडून नेवऱ्या येत, दिवाळींत आमच्याकडून करंज्या जात. जिन्नस एकच, नांवें दोन. गव्हाणीसाठीं लागणारें वाळलेलें गवत आमच्याच परसांतून नेलेलें असे.

हें सगळें मराठी वाङ्मयांत कोठें आहे, असा शोध मीं घेऊं लागलों. माझ्या वाचनांत तें कोठेंच आलें नाहीं.

शोधाचा आरंभ अर्थात् 'क्रिस्तपुराणा'पासून करावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचा हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. मराठीच्या गौरवाबद्दल या ग्रंथाची जेवढी वाखाणणी होते तेवढी योग्यच आहे. परंतु त्याची रचना पाहा. पाद्री कथा सांगत आहे, आणि शंका विचारणारा श्रोता ब्राह्मण आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं, त्यांच्या कानांस कांहीं तरी हवें, या जाणिवेंतून हें पुराण जन्मलें. पण त्या घरांतल्या बाईची शंका कोणती असेल, हा प्रश्न ग्रंथकर्त्यास पडत नाहीं. पडावा कसा? तो ब्रह्मचारी संन्यासी. त्याच्यापुढें मरिया आहे ती देवमाता, अंकुवारी. शुभवर्तमानांत मरियेचे दोन प्रसंग असे आहेत, कीं ज्यांत ती निव्वळ गृहिणी दिसते. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला हें तिच्या ध्यानांत येतें. आणि बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमांत हरवला असतां ती तीन दिवस कासावीस होऊन त्यास शोधते व सांपडल्यावर रागें भरते. दुसऱ्याच्या घरचें कमी पडलेलें जिला दिसतें, व जी सांपडलेल्या मुलाला आधीं रागावते, ती कोणत्याही गांवची आई होय. परंतु पुराणाचा धर्मच असा, कीं त्यांत आई वंद्य होते आणि तिचा दिवस नाहींसा होतो. हा दोष एकट्या स्टीफन्सचा नव्हे. संत ऑगस्टिननें आपल्या आईस, मोनिकेस, 'कबुलीजबाबां'त अमर केलें. तीही मुलाच्या डोळ्यांनीं पाहिलेलीच.

भाषेचाही प्रश्न आहेच. याचें एक उदाहरण आमच्याच जिल्ह्यांतलें आहे, आणि तें कॅथलिक नाहीं म्हणूनच येथें उपयोगीं पडेल. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. कळेल अशा मराठींत ती तूंच कां आणीत नाहींस, असें त्यांनीं मुलाला म्हटलें. त्या १९१८ सालीं वारल्या. १९३०-३१ मध्यें वर्ध्यास विनोबांनीं 'गीताई' लिहिली व १९३२ सालीं ती छापून निघाली. एका आईची अडचण चौदा वर्षांनीं ग्रंथरूपास आली. कॅथलिक आईची अडचणही तीच होती. तिच्या घरांतल्या प्रार्थना लोकभाषेंत होत्या हें खरें, पण ज्या मिस्सेला ती मुलांना न्हाऊंमाखूं घालून घेऊन जाई, ती लॅटिनमध्यें चाले. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठींत आली. ज्या भाषेंत मुलाला रागवावयाचें, त्या भाषेंत मुख्य उपासना नाहीं, अशा स्थितींत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या बाईनें आपल्या धर्मजीवनाविषयीं लिहावें, अशी अपेक्षा करणें थोडें जास्तच होतें.

आतां एका अशा आईकडे वळूं, जिनें या बाबतींत तोंड उघडलें. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पंथाचा. परंतु ज्या मठांत त्या राहिल्या, तो कुमारी मरियेच्या नांवाचा. तेथील भगिनी व्रतस्थ, आचार पुष्कळसे रोमन वळणाचे. बरोबर दोन अडीच वर्षांची मनोरमा. वैधव्य आलेलें, देश परका, आणि मूल सांभाळणाऱ्या त्या भगिनी. १८८४ मध्यें रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजांत गेल्या आणि मुलगी वाँटेजला राहिली. या काळांतला त्यांचा व सिस्टर जेराल्डीन यांचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. आमच्याकडील अभ्यासक तो वाचतात तो बहुधा त्रैक्याच्या वादासाठीं. बाईंची बंडखोर बुद्धि पाहून आपण धन्य होतों व पुस्तक मिटतों. माझ्या मतें त्या पत्रांचा प्राण दुसरीकडे आहे. मूल काय खाईल, काय शिकेल, कोणाचें म्हणून वाढेल, हें कोणीं ठरवावयाचें? ज्या बाईनें मुलीवर माया केली, जिला मायलेकी 'आजीबाई' म्हणत, तिच्याशींच हा झगडा आहे. शत्रूशीं असता तर सोपा होता. मनोरमा आपल्या लोकांतलीच एक होऊन वाढावी, त्यांच्याहून वरचढ वा परकी अशी होऊं नये, हा आईचा आग्रह. मुलीचा आत्मा नीट मार्गावर असावा ही भगिनींची काळजी. दोन्ही बाजू खऱ्या प्रेमाच्या आहेत, म्हणूनच हीं पत्रें आज वाचतांनाही जीव कोंडतो. वादाच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे: लहान मूल ज्याच्या हातून जेवतें, त्याच्या हातून धर्मही घेतें. रमाबाईंना तें कळत होतें.

दुर्दैव इतकेंच, कीं ही आई इंग्रजींत बोलली.

मराठींत बोलल्या त्या लक्ष्मीबाई. त्याही कॅथलिक नव्हत. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणांतल्या. रेव्हरंड टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागें राहिल्या. पंढरपूर, नाशिक, नातलगांचा आधार, आणि पोर पदरीं. पुढें त्या नवऱ्याकडे गेल्या त्याही आपलें सोवळें बरोबर घेऊन; पाणी वेगळें, चूल वेगळी. तें सोवळें एकाएकीं गळून पडलें नाहीं. वाण्याकडून आलेलें मीठसुद्धां धुऊन घेणाऱ्या बापाची ही मुलगी; माणसामाणसांतला भेद देवानें केलेला नाहीं हें तिला उमगतें तेंही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रां'ना टीकाकारांनीं धर्मांतराची कहाणी म्हटलें आहे. तसें म्हटल्यानें पुस्तकाचें मोठेपण वाढत नाहीं; उलट त्यांतलें जें सर्वांत दुर्मिळ, तें दृष्टीआड होतें. या पुस्तकांत धर्म पाण्याच्या भांड्यांत आहे, पाहुण्यांच्या पंगतींत आहे, घरांत आणून ठेवलेल्या अनाथ पोरांच्या अंथरुणांत आहे. जिन्नस संपले असतां हातीं आलेले पैसे भलतीकडेच घालवून येणारा, कवीचें काळीज असलेला नवरा, आणि त्याच्यावर चिडून पुन्हां हंसणारी बायको! शाळेंत कधीं न गेलेल्या बाईच्या या गद्याशीं तुलना करावी असें गद्य आमच्या विद्यापीठांतून किती निघालें, याचा विचार न केलेला बरा.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. हें लेखन टिळकांच्या आठवणी म्हणून सुरू झालें, आणि शेवटपर्यंत टिळकच त्याचा सूर्य आहेत. मुलें त्या सूर्याच्या उजेडांत अधूनमधून दिसतात. दत्तू आजारी पडतो, हट्ट करतो, प्रवासांत बरोबर असतो. पण त्याला वाढवतांना आईच्या मनांत काय चाललें होतें, देवाविषयीं त्यानें पहिला प्रश्न कोणता विचारला व तिनें काय सांगितलें, हें वाचकाच्या हातीं फारसें लागत नाहीं. दोन धर्मांच्या मध्यें उभ्या असलेल्या बाईनें आपल्या पोराला पहिली प्रार्थना कोणती शिकवली असेल, याहून औत्सुक्याचा विषय तो कोणता? लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं वारल्या व चवथ्या भागाचें अपुरें राहिलेलें काम चिरंजीवांस करावें लागलें. म्हणजे येथेंही शेवटचा शब्द मुलाचाच.

कोणी म्हणतील, रोझरींत झोपणारें पोर व हरवलेला मोजा हा कांहीं वाङ्मयाचा विषय नव्हे. या आक्षेपाला लक्ष्मीबाईंनीं उत्तर देऊन ठेवलें आहे, आणि तें खोडून काढणें कोणास साधलेलें नाहीं. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे: कॅथलिक समाजानें मराठींत लिहिलें नाहीं असें कोठें आहे? लिहिलें, आणि उत्तम लिहिलें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षें चालवलें, 'सुबोध बायबल' सिद्ध केलें, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैंत ते गेले तेव्हां महाराष्ट्रानें आपला माणूस गेला असें मानलें, ही गोष्ट लहान नाहीं. परंतु ते धर्मगुरु. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत चारशें वर्षें झालीं, आणि या समाजाचा ठळक आवाज मराठी वाचकाला ऐकूं आला तो प्रामुख्यानें वेदीजवळून. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या वसईच्या लेखिकेनें कवितेंत व गद्यांत दुसरी वाट धरली आहे. तिच्यावरून आणखी पुष्कळ जणींनीं चालावयास हवें. कवितेंत मनाचा गाभा येतो, पण दिवसाचा हिशेब येत नाहीं. तो गद्याचाच प्रांत.

अशा गद्यापुढें एक अडचण मात्र खरी आहे. वसईच्या कित्येक घरांत बोलतात ती सामवेदी किंवा वाडवळी. शाळेंत पुस्तकी मराठी, मुलांच्या अभ्यासांत बहुधा इंग्रजी, आणि चर्चमध्यें पुन्हां शुद्ध मराठी. आमची शेजारीण मुलांवर रागावे ती एका बोलींत, प्रार्थना सांगे ती दुसऱ्या भाषेंत, आणि आमच्याशीं बोले ती जपून, तिसऱ्याच मराठींत. एकदां 'स्मृतिचित्रें' वाचावयास दिलीं. तीं परत करतांना तिनें एवढेंच विचारलें, कीं ही बाई घरींही असेंच बोलत असे काय? बोलत असावी, असें मीं सांगितलें. त्यावर ती म्हणाली, मग तिला लिहिणें सोपें गेलें असेल.