इंग्रजी ‘टेक’ या क्रियापदाचे संदर्भानुसारी अर्थ : एक चिकित्सा

‘टेक म्हणजे घेणे’ हे समीकरण मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीच्या अभ्यासात फार लवकर मिळते आणि तितक्याच लवकर ते अपुरे पडू लागते. पुस्तक घेणे, औषध घेणे, सूड घेणे येथवर ते निर्वेधपणे चालते. परंतु फोटो ‘काढावा’ लागतो, फेरफटका ‘मारावा’ लागतो, आंघोळ ‘करावी’ लागते आणि घटना तर नुसतीच ‘घडते’. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘टेक’ चालतो. व्याकरणाच्या प्रचलित मार्गदर्शिका यावर उपाय म्हणून लांबलचक यादी देतात आणि ‘टेक’चे वीस-पंचवीस अर्थ पाठ करण्यास सांगतात. वस्तुतः ही यादी ‘टेक’च्या अर्थांची नसते, ती मराठी प्रतिशब्दांची असते. एका भाषेतील क्रियापदाचे अर्थ दुसऱ्या भाषेच्या मापाने मोजण्याचा हा प्रकार आहे, आणि अध्यापनातील बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो.

हे क्रियापद मुळात इंग्रजीचे नव्हे. प्राचीन नॉर्स भाषेतील ‘टाका’ या धातूपासून ते इंग्रजीत आले आणि ‘निमान’ या जुन्या देशी क्रियापदाची जागा त्याने हळूहळू बळकावली. ‘निमान’चे जर्मन भावंड ‘नेमेन’ आजही नित्य वापरात आहे. इंग्रजीत मात्र त्याचा अवशेष ‘नंब’, म्हणजे बधिर, अशा शब्दांत उरला आहे. ज्याची संवेदना कोणीतरी ‘घेतली’ तो बधिर. असे मूळ पाहिले म्हणजे हाताने पकडणे, ताब्यात आणणे हा ‘टेक’चा गाभा स्पष्ट होतो. मात्र ‘टेक अ वॉक’सारख्या प्रयोगांत हा गाभा इतका विरळ होतो की क्रियेचा सारा आशय नामाकडे जातो. ऑटो येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या सहाव्या भागात अशा क्रियापदांना ‘हलकी क्रियापदे’ असे नाव दिले. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. ‘फेरफटका मारणे’ यातील मारणे कोणाला लागत नाही.

खरी अडचण हलकेपणात नसून दिशेत आहे, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण परीक्षेचे होय. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, शिक्षक ती ‘घेतो’. इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतो. येथे केवळ शब्द बदलत नाहीत, देवाणघेवाणीची दिशाच उलटते. मराठी दृष्टीने परीक्षा ही विद्यार्थ्याने अर्पण करावयाची व परीक्षकाने स्वीकारावयाची गोष्ट आहे. इंग्रजी दृष्टीने ती परीक्षकाकडून येते व विद्यार्थी तिला सामोरा जातो. परदेशी विद्यापीठात गेलेल्या मराठी विद्यार्थ्याने आपण सोमवारी परीक्षा ‘गिव्ह’ करणार असे सांगितले, तर ऐकणारा त्याला परीक्षक समजेल. उलट मराठी प्राध्यापकाने आपण काल चाचणी ‘टेक’ केली असे म्हटल्यास तोच परीक्षेस बसला होता, असा अर्थ होईल. (‘परीक्षेस बसणे’ या प्रयोगात मात्र दोन्ही भाषा एकत्र येतात, ब्रिटिश इंग्रजीतही विद्यार्थी परीक्षेला ‘सिट’ करतो.)

व्याख्यानाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सभेत वक्ता व्याख्यान ‘देतो’. तोच वक्ता महाविद्यालयात लेक्चर ‘घेतो’. म्हणजे मराठीतच दोन दिशा नांदतात. इंग्रजीत लेक्चर ‘गिव्ह’ केले जाते, परंतु ‘टेक अ क्लास’ याचा अर्थ ब्रिटिश वापरात वर्ग शिकवणे असा, तर अमेरिकन वापरात बहुधा वर्गाला विद्यार्थी म्हणून बसणे असा होतो. त्यामुळे ‘घेणे’चे शब्दशः भाषांतर सर्वत्र चूकच ठरते, असेही म्हणता येत नाही.

कालवाचक प्रयोगात कर्त्याचे स्थान बदलते. ‘त्याला तीन तास लागले’ या वाक्यात मराठी माणूस कर्ता नाही. वेळ त्याला ‘लागतो’. इंग्रजीत काम किंवा माणूस वेळ ‘टेक’ करतो. ‘त्याने वेळ घेतला’ असे मराठीत म्हणता येते, पण त्यात मुद्दाम केलेल्या विलंबाची किंवा सावकाशीची छटा येते. इंग्रजी वाक्यात ही छटा असेलच असे नाही. ती संदर्भावरून ठरवावी लागते.

मनोव्यापाराच्या प्रयोगांत मराठी अधिक चोखंदळ दिसते. ‘टेक टू हार्ट’ हा एकच वाक्प्रचार उपदेश गांभीर्याने स्वीकारण्यासाठी आणि कटू बोल जिव्हारी लागण्यासाठीही वापरला जातो. मराठीत पहिले ‘मनावर घेणे’, दुसरे ‘मनाला लावून घेणे’. ‘लावून घेणे’तील ‘घेणे’ हे सहायक आहे आणि क्रियेचा परिणाम कर्त्याकडेच वळतो, असे ते सुचवते. ‘लिहून घेणे’, ‘समजून घेणे’ यांतही हीच वृत्ती आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून मराठी व्याकरणकार संयुक्त क्रियापदांची चर्चा करीत आले आहेत. इंग्रजीच्या वर्गात मात्र तिचा उपयोग क्वचितच केला जातो. ‘टेक डाउन’ म्हणजे ‘लिहून घेणे’ हे सांगताना ‘डाउन’ला ‘खाली’ म्हणून समजावण्याचा खटाटोप होतो, पण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेतील ‘घेणे’ तसेच दुर्लक्षित राहते.

चहाचा प्रयोगही चुकांच्या यादीत हमखास आढळतो. ‘चहा घेणार का?’ या सौजन्यपूर्ण प्रश्नाचे ‘टेक’ वापरून केलेले भाषांतर भारतीय म्हणून हिणवले जाते आणि तेथे ‘हॅव’ हवे असे सांगितले जाते. आजच्या वापरापुरते हे योग्य आहे. तथापि ‘टेक टी’ हा एकोणिसाव्या शतकातील शिष्ट इंग्रजी प्रयोग होता. १८६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुईस कॅरल यांच्या ‘अॅलिस’मधील चहापानाच्या प्रसंगी अॅलिसला चहाचा आग्रह होतो तो याच क्रियापदाने. आंघोळीच्या बाबतीत तर ब्रिटिश ‘हॅव’कडे झुकतात आणि अमेरिकन अजूनही ‘टेक’ वापरतात. उत्तरपत्रिकेत या दोन्ही ठिकाणी लाल रेघ ओढली जाते, आणि परीक्षेची दिशा उलटलेल्या वाक्यालाही तेवढीच, तशीच रेघ मिळते.