इंग्रजीच्या तासाची लघुकथा

महाविद्यालयांत इंग्रजीच्या तासाला लघुकथा नेमलेली असली, म्हणजे विद्यार्थी व अध्यापक दोघेही मनांतून सुखावतात. शेक्सपिअरच्या नाटकापुढें ज्यांची छाती दडपते, तींच मुलें गोष्टींचें पुस्तक घरीं नेऊन आपण होऊन वाचतात. परंतु हा आनंद बहुधा पहिल्या वाचनापुरताच टिकतो. दुसऱ्या दिवशीं सारांश, स्वभावचित्रें आणि कठीण शब्दांचे अर्थ वह्यांत उतरूं लागले, कीं चेहरे मलूल होतात. याचा सारा दोष परीक्षेच्या माथीं मारण्याची रीत आहे. मला तें अर्धेंच खरें वाटतें. लघुकथेकडून काय मागावें याविषयीं जी समजूत आपण वर्गांत रुजवितों, तिचा दोष अधिक आहे.

मोपासाँची 'द नेकलेस' ही १८८४ सालची कथा घ्या. कारकुनाची बायको मेजवानीसाठीं मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते आणि तो हरवते. नवरा-बायको ३६,००० फ्रँकांचा तसाच हार घेऊन परत करतात व तें कर्ज फेडण्यांत दहा वर्षें घालवितात. अखेरीस कळतें कीं, मूळचा हार खोटा, फार तर ५०० फ्रँकांचा होता. या शेवटाला वर्गांतून उसासा हमखास येतो. लग्नकार्यासाठीं दुसरीचा साज मागून न्यावा आणि तो परत पोंचेपर्यंत घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवांत जीव नसावा, हें कोल्हापुरांत कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं.

पण ज्यानें त्या धक्क्यासाठींच गोष्ट वाचली, त्याला दुसऱ्या वाचनांत काय मिळणार? त्यानें मधल्या दहा वर्षांचा मजकूर पुन्हा पाहावा. मोलकरीण काढून टाकलेली, बिऱ्हाड माळ्यावरच्या खोलींत हलविलेलें, भांडीं घासून नखें झिजलेलीं, पाणी घेऊन जिना चढतांना दम लागलेला. एवढें झाल्यावर मैत्रीण भेटते, आणि हार बदललेला तिला कळलाच नाहीं हें पाहून ही बाई हंसते. त्या हंसण्यांत अभिमान आहे, भाबडेपणाही आहे. तिनें जन्मांत स्वकष्टानें मिळविलेली ही पहिलीच वस्तु, आणि पुढच्याच क्षणीं मैत्रीण, तीही हात हातीं घेऊन, ती काढून घेते. शेवटाचें क्रौर्य पैशांत नसून येथें आहे, असें माझें मत आहे.

धक्क्याच्या या आवडीला आपल्याकडे शास्त्राचें रूप मिळालें, आणि त्याचा संबंध कोल्हापूरशींच आहे. येथील राजाराम कॉलेजांत प्राध्यापक असलेल्या ना. सी. फडके यांनीं 'प्रतिभासाधन' (१९३१) व पुढें 'लघुकथा : तंत्र आणि मंत्र' या ग्रंथांतून कथेच्या रचनेची मीमांसा केली. वेधक आरंभ, वाढती गुंतागुंत, परिणामकारक शेवट यांचें भान मराठी लेखकाला त्यांच्यामुळें आलें. पसरट 'स्फुट गोष्टी'च्या मानानें ती प्रगतीच होती. तिचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु लेखकासाठीं आखलेली ही मोजपट्टी वाचकानेंही उचलली, आणि जी कथा तींत बसेना ती त्याला अपुरी वाटूं लागली.

चेकॉव्हची 'मिझरी' (१८८६) अशीच अपुरी ठरते. (इंग्रजीच्या तासाला आपण पुष्कळदां फ्रेंच वा रशियन गोष्ट वाचतों, ही एक गंमतच! चेकॉव्ह इंग्रजी वाचकांना मुख्यतः कॉन्स्टन्स गार्नेट या बाईंच्या भाषांतरांतून भेटला.) योना पोतापोव्ह या गाडीवानाचा मुलगा नुकताच मेला आहे. तो एकेका उतारूला तें सांगूं पाहतो. लष्करी अधिकारी ऐकतां ऐकतां डोळे मिटून घेतो; तिघां टवाळ तरुणांपैकीं एकजण, मरायचें तर सर्वांनाच, असें म्हणून विषय संपवितो. अखेर योना तबेल्यांत जाऊन आपल्या घोडीला सारें सांगतो. मुलें विचारतात, "सर, पुढें काय झालें?" पुढें कांहींच होत नाहीं. मुलगा आजारी कसा पडला, मरण्यापूर्वीं काय बोलला, हें क्रमानें, नीट सांगावें, एवढीच योनाची इच्छा. म्हणजे त्यालाही एक गोष्टच सांगायची आहे, आणि तिला श्रोता नाहीं. ही कथा सारांशांत मावत नाहीं. ती मोठ्यानें, न थांबतां, पेन्सिल खालीं ठेवून ऐकावी लागते. रिक्षांतून रोज कॉलेजला येणारीं मुलें त्यानंतर कांहीं वेळ गप्प असतात. तेवढ्यांत टिपणें सांगूं नयेत.

पाठ्यक्रमांत दोन्ही कथा असतील, तर योना आधीं व हार मागाहून शिकवावा, असें मी सुचवीन. मीं तसें करून पाहिलें आहे. हाराच्या कथेवर पहिला प्रश्न खोट्या हिऱ्यांविषयींच आला. दुसरा प्रश्न मात्र, त्या दहा वर्षांत नवरा काय करीत होता, असा होता. मोपासाँनें त्याचें उत्तर एका ओळींत देऊन ठेवलें आहे, तें तेव्हांच साऱ्या वर्गाच्या ध्यानांत आलें : संध्याकाळीं व्यापाऱ्यांचे हिशेब, आणि रात्रीं पानामागें पाव फ्रँक घेऊन नकला.