समुपदेशनाचे संशोधनविषय आणि बोलणाऱ्याची भाषा

आपल्या विद्यापीठांत समुपदेशन मानसशास्त्राच्या संशोधनासाठी जे विषय निवडले जातात, त्यांत आत्मसन्मान, ताण, समायोजन, भावनिक बुद्धिमत्ता हे शब्द पुनःपुन्हा आढळतात. हे विषय महत्त्वाचे आहेत ह्यात शंका नाही. परंतु माणूस ज्या भाषेत आपले दुःख समुपदेशकापुढे मांडतो, ती भाषा स्वतः संशोधनाचा विषय क्वचितच होते. तिला प्रश्नावलीचे केवळ वाहन मानले जाते. प्रस्तुत लेखक मानसशास्त्रज्ञ नव्हे. भाषेचा अभ्यासक ह्या नात्याने ह्या उणिवेची चिकित्सा येथे करावयाची आहे, आणि तिच्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे तालुके नजरेसमोर ठेवले आहेत.

आरंभ संज्ञेपासूनच करावा लागतो. कार्ल रॉजर्स ह्यांनी १९४२ साली जी पद्धती मांडली, तिचे सार असे की समुपदेशकाने उपदेश करू नये. समोरच्याला स्वतःचा मार्ग सापडेल असे ऐकावे. आपण ह्या शास्त्रासाठी जो शब्द घडविला, त्याच्या पोटात मात्र ‘उपदेश’च बसला आहे. इंग्रजी संज्ञेतही सल्ल्याचा अर्थ आहेच, म्हणून दोष एकट्या मराठीचा नव्हे. तरीही गावातील वडीलधाऱ्याकडून उपदेश ऐकण्याची सवय असलेला माणूस ह्या खोलीत कोणती अपेक्षा घेऊन शिरतो, हा प्रश्न संशोधनाला योग्य आहे.

ह्याहून गंभीर अडचण ‘वाटणे’ ह्या क्रियापदाची आहे. ‘मला वाईट वाटते’ ह्यात भावना आहे. ‘मला वाटते, आज पाऊस पडेल’ ह्यात मत आहे. दोन्हींस मराठीत एकच क्रियापद पुरते. आता अल्बर्ट एलिस ह्यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके ह्यांनी महाराष्ट्रात रुजविलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती पाहा. विचार आणि त्यातून उद्भवणारी भावना वेगळी काढणे हा तिचा पाया आहे. ‘मी निरुपयोगी आहे असे मला वाटते’ ह्या विधानापुढे होकाराची खूण करणारा मनुष्य मत नोंदवतो की वेदना, हे त्या खुणेवरून कळत नाही. ते केवळ पुढच्या संभाषणातून कळते. ते संभाषण मात्र आपल्या प्रबंधांत गुणांच्या कोष्टकामागे लोपते.

दुसरी बाब वाक्यरचनेची. ‘मला राग आला’, ‘मला भीती वाटली’ ह्या वाक्यांत क्रियापद राग आणि भीती ह्यांच्याशी जुळते. अनुभवणारा चतुर्थीत उभा असतो. ‘माझा जीव घाबरला’ असे म्हणताना तर घाबरणारा ‘मी’ नसून ‘जीव’ असतो. स्वतःच्या भावनेची जबाबदारी प्रथमपुरुषी कर्त्याने घ्यावी, असे शिकविणाऱ्या समुपदेशकाला ही रचना पळवाट भासण्याचा संभव आहे. ती पळवाट नव्हे. ते व्याकरण आहे. त्याचबरोबर व्याकरणावरून एखाद्या समाजाचे मानस ठरविण्याचा मोहही टाळला पाहिजे. चतुर्थी वापरणारा माणूस कमी जबाबदार असतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

हे सर्व प्रमाण मराठीविषयी झाले. पेण-रोह्याच्या परिसरात आगरी बोली आहे, डोंगराकडील वाड्यांवर कातकरी भाषा आहे. आगरीत ‘ण’ व ‘ळ’ ह्यांच्या जागी ‘न’ व ‘ल’ ऐकू येतात. शाळेत ह्यालाच अशुद्ध म्हणून हिणवले जाते. अशा मुलाने प्रमाण भाषेतील प्रश्नापुढे मौन धरले, तर ते मौन ‘अल्प आत्मविश्वास’ म्हणून नोंदले जाण्याची भीती आहे. आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाऊन वर्षातील कित्येक महिने शाळेबाहेर राहणाऱ्या कातकरी मुलाच्या बाबतीत ही चूक अधिकच अन्यायाची ठरेल.

तिसरा आक्षेप भाषेच्या पलीकडे जातो. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०१४ साली तिचा परवाना रद्द झाला. आयुष्याची ठेव अडकलेल्या एखाद्या निवृत्त माणसाने ‘झोप लागत नाही’ असे सांगितले, तर मापनश्रेणी त्याला चिंताग्रस्त ठरवील, आणि ते खोटेही नसेल. परंतु त्या वाक्याचा अर्थ त्याच्या मनात जितका आहे, तितकाच त्याच्या पासबुकात आहे. संशोधनविषय ‘ताण व त्याचे व्यवस्थापन’ एवढ्यावर थांबला, तर अन्यायाची तक्रार रोगाचे लक्षण होऊन बसते.

ह्यावर असे म्हटले जाईल की भाषांतर उलटे करून पडताळण्याची पद्धत ब्रिस्लिन ह्यांनी १९७० मध्येच घालून दिली आहे. ती उपयुक्त आहे. पण शब्द परत इंग्रजीत नीट पोहोचला, एवढ्याने तो पेणच्या बाजारात बोलला जातो असे ठरत नाही. मार्क निक्टर ह्यांनी १९८१ साली दक्षिण कर्नाटकातील अभ्यासावरून दाखविले की दुःख व्यक्त करण्याची प्रत्येक समाजाची स्वतःची वाक्प्रणाली असते. गोव्यात स्थानिक, वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, सरकारी आरोग्यकेंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे त्यांत दिसले. हा मार्ग आपल्याला दूरचा नाही.

म्हणून सूचना इतकीच. प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी संशोधकाने निदान एक ऋतू ऐकण्यात घालवावा. ‘जीवाला घोर’, ‘हुरहूर’, ‘मन लागत नाही’ असे प्रयोग कोण, कोणापुढे, कोणत्या प्रसंगी करतो ह्याची नोंद ठेवावी. आणि हे काम मानसशास्त्र व भाषाविज्ञान ह्या दोन विभागांनी मिळून करावे. श्रेणी त्यानंतर रचता येईल. जो शब्द माणसाने कधी उच्चारलाच नाही, त्याला त्याच्या दुःखाचे माप म्हणणे शास्त्रास शोभत नाही.