डीटीचा रकाना नेमकं काय मोजतो?

मागच्या पोस्टनंतर दोघातिघांनी विचारलं, की हॅम रेडिओवरच्या एफटी8 संदेशांवरून कॉम्प्युटरच्या घड्याळाची चूक मोजायचा प्रोजेक्ट एमएस्सीला चालेल का? चालेल. पण आधी हे वाचा, कारण यात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

मे महिन्यात गणपतीपुळ्याला मावशीकडे होतो. अंगणातल्या दोन माडांमध्ये वायर ताणली, रिसीव्हर 14.074 मेगाहर्ट्झवर लावला आणि लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स सुरू केलं. घरात मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे दोन दिवस लॅपटॉपला इंटरनेटवरून वेळ मिळालीच नाही. दुसऱ्या संध्याकाळी जवळजवळ प्रत्येक ओळीत डीटी −1.8 च्या आसपास! मी लगेच हिशोब मांडला: दोन दिवस म्हणजे 1,72,800 सेकंद, घड्याळ 1.8 सेकंद मागे, म्हणजे ड्रिफ्ट दहा लाखांत साधारण 10 भाग, 10 पीपीएम. ग्रुप मीटिंगमध्ये स्लाईडही दाखवली. सरांनी एवढंच विचारलं, "पहिल्या दिवशी डीटी किती होता?" तो मी लिहूनच ठेवला नव्हता.

तेवढंच असतं तर ठीक. लॅपटॉप रात्री झाकण बंद करून ठेवला होता. झोपलेल्या लॅपटॉपची वेळ बॅटरीवरचं दुसरंच घड्याळ सांभाळतं, त्याचा क्रिस्टल 32.768 किलोहर्ट्झचा. हे क्रिस्टल साधारण 25 अंशांना सगळ्यात वेगात चालतात, तापमान कुठल्याही बाजूला गेलं की मागे पडतात. 35 अंशांना जवळपास 3.4 पीपीएम, म्हणजे दिवसाला 0.3 सेकंद. म्हणजे माझा '10 पीपीएम' हा दोन क्रिस्टलांची आणि कोकणातल्या उकाड्याची खिचडी होता.

आता मूळ तक्रार. एफटी8 जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी 2017 साली आणलं. 15 सेकंदांचा टप्पा, त्यात 12.64 सेकंदांचं प्रक्षेपण, 79 चिन्हं, प्रत्येक 0.16 सेकंदाचं. सिग्नल अपेक्षेपेक्षा किती उशिरा किंवा लवकर आला, ते डीटी सांगतो. अडीचेक सेकंदांपलीकडे गेलं, की वॉटरफॉलवर रेघा दिसतात, पण एक अक्षर डिकोड होत नाही. संपर्क साधायला ही रचना उत्तमच आहे. पण या एका आकड्यात पाठवणाऱ्याचं घड्याळ, माझं घड्याळ, त्याच्या ऑडिओचा उशीर, माझ्या ऑडिओचा उशीर आणि प्रवासाचा वेळ, सगळं मिसळलेलं असतं. शेवटचं सोडून द्या: पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाहून, 20,000 किलोमीटरवरून यायलाही 0.07 सेकंदच लागतात आणि रकान्यात दशांश एकच. (याच टेलरना 1993 साली जोड-पल्सारसाठी नोबेल मिळालं, जिथे सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा होता. म्हणजे त्यांना जमत नव्हतं असं नाही, इथे गरज नव्हती.)

म्हणूनच 'सगळ्यांचे डीटी शून्य होईपर्यंत घड्याळ सरकवा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. बऱ्याच स्टेशनांचा मध्यक घेतला, तर इतरांच्या चुका बऱ्यापैकी धुतल्या जातात, मान्य. पण माझ्या साऊंड कार्डाचा 0.3 सेकंदाचा उशीर धुतला जात नाही. तो लपवायला मी घड्याळ 0.3 मागे घेतलं, तर रकाना छान दिसतो आणि माझं प्रक्षेपण मात्र आता 0.3 सेकंद उशिरा निघतं, वर बाहेर जाणाऱ्या ऑडिओचा उशीर वेगळाच.

साऊंड कार्डाच्या वेगातली चूक तर एफटी8 मध्ये दिसतच नाही. 50 पीपीएमने 12.64 सेकंदांत 0.6 मिलिसेकंद फरक पडतो, चिन्ह 160 मिलिसेकंदांचं. हीच चूक स्लो-स्कॅन टीव्हीत मात्र लगेच उघडी पडते. अंतराळ स्थानकावरून 145.800 मेगाहर्ट्झवर येणारं पीडी120 चित्र 126 सेकंद चालतं. 50 पीपीएमने तिथे 6.3 मिलिसेकंद साचतात, एक पिक्सेल 0.19 मिलिसेकंदाचा, म्हणजे चित्र तळाशी तेहतीसेक पिक्सेल तिरकं. यातही खोच आहेच: स्थानक क्षितिजाजवळ असताना डॉप्लरमुळेच 20 पीपीएमच्या वर फरक पडतो.

प्रोजेक्ट करायचाच असेल, तर जीपीएस मॉड्यूलचा सेकंदाला एक येणारा पल्स साऊंड कार्डाच्या एका चॅनेलला द्या, दुसऱ्यावर रेडिओ. दोन पल्समध्ये 48,000 ऐवजी सरासरी 48,002.4 सॅम्पल आले, तर कार्ड 50 पीपीएम पुढे आहे. आणि पल्स कधी आला असं प्रोग्रॅमला वाटलं, त्यावरून घड्याळाची चूक आणि आत येणाऱ्या ऑडिओचा उशीर यांची बेरीज कळते. उशीर एकदाच, घड्याळ नीट जुळवलेलं असताना मोजून ठेवा, मग पुढे घड्याळ वेगळं काढता येतं. पल्स 3.3 व्होल्टचा असतो, माईकच्या भोकात थेट घालू नका. दोन रेझिस्टर लावून कमी करा.