चार मिनिटांचा बर्फ

चित्रपटांवर लिहिणारे आपल्याकडे उदंड. घरगुती चित्रफितीवर कोणी लिहीत नाही. जिला कथानक नाही, नट नाहीत, तिकीट नाही, तिचे परीक्षण करायचे तरी कसे? मीही कधी केले नसते. पण गेल्या मे महिन्यात मामाआजोबांच्या नातवाने त्यांच्या जुन्या रिळांची मोबाइलवर पाहण्याजोगी नवी आवृत्ती करून साऱ्या आप्तांना धाडली. सगळ्यांनी कौतुक केले. मला मात्र राग आला. त्या रागाचे कारण शोधता शोधता हा लेख झाला आहे.

मामाआजोबा म्हणजे माझ्या आईचे मामा. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून इंजिनियर होऊन १९६९ साली ते कॅनडातल्या विनिपेगला गेले. त्या शहरात रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्या मिळतात आणि हिवाळ्यात दोन्ही गोठतात. हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर पोहायला शिकलेल्या माणसाने गोठलेला संगम पाहिला आणि पहिल्याच हिवाळ्यात चावीचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा विकत घेतला, यात नवल नाही. आम्हा सातारकरांचा बर्फ म्हणजे एखाद्या कडाक्याच्या पहाटे महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी गोठलेले दव, नाहीतर लग्नकार्यात भुशातून येणारी लादी. दोहोंना आपण बर्फच म्हणतो. आभाळातून पडणारा, मऊ, आवाज न करणारा जो पदार्थ त्या फितीत आहे, त्याला आपल्या घरात शब्दच नव्हता.

विनिपेगहून सांगलीस आलेली रिळे पाच. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कपाटाच्या खालच्या खणात पाणी शिरले. जिलेटिनचा थर फुगून वेटोळी एकमेकांस चिकटली आणि तीन रिळे गेली. वरच्या खणातली दोन वाचली. मी लिहिते आहे ते त्यांतल्या पहिल्याविषयी.

सारे रीळ चार मिनिटांचे. मामीआजी नऊवारी नव्हे, पण पाचवारी साडीवर ओव्हरकोट घालून नदीवर उभ्या आहेत. त्या बोटाने नदी दाखवतात, मग पायाने आपटून दाखवतात, मग हसतात. निऱ्या डाव्या हाताने वर धरलेल्या. खाली पुरुषी बूट. मागून कोणी मुले घसरत जातात. सगळ्यांचे चेहरे काळवंडलेले, कारण बर्फाचा लखलखाट बेताचा ठेवायचा तर माणसे अंधारात जातात. नवशिक्या छायाचित्रकाराला हे कोणी सांगितलेले नसते. मग एकदम नारिंगी झगझगाट होतो आणि पुढचे सारे घरात घडते : स्वयंपाकघर, शेगडी, फ्रिज उघडून दाखवणे, खिडकीशी तुळशीऐवजी ठेवलेले कसलेसे रोप.

बाहेरून एकदम आत, ही रचना आम्हांला लहानपणी गमतीची वाटे. तिचे कारण मला पुष्कळ उशिरा कळले. त्या काळच्या कॅमेऱ्यात फीत एकदा चालवून मग उलटी घालावी लागे, तेव्हा दुसरी कड चाले. हे काम हातमोजे काढूनच करायचे. विनिपेगच्या हिवाळ्यात उणे वीस अंशांत उघडी बोटे किती टिकणार? तेव्हा अर्धे रीळ संपले की माणूस घरी पळे. तो नारिंगी झगझगाट म्हणजे फीत उलटताना आत शिरलेला उजेड. कादंबरीची प्रकरणे पाडताना आम्ही लेखक रात्री जागवतो. इथे प्रकरण थंडीने पाडले आहे.

बर्फ आणि सिनेमा यांची ओळख जुनी. ल्युमिएर बंधूंच्या एका चित्रफितीत रस्त्यावर बर्फाचे गोळे फेकणारी माणसे एका सायकलस्वाराला खाली पाडतात आणि तो उठून आल्या वाटेने परत जातो. मिनिटभराचाही खेळ नाही, पण माणूस विसरत नाही. पुढे १९२२ साली फ्लाहर्टीचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ आला. त्याचे मोठेपण कोण नाकारील? तरी त्यातल्या बर्फाच्या घराची एक बाजू उजेडासाठी कापून काढली होती, आणि बंदूक वापरणाऱ्या माणसांना दिग्दर्शकाने भाल्याने शिकार करायला लावले होते. नॅनूकचे खरे नावदेखील नॅनूक नव्हते, अल्लाकरियाल्लाक होते. फ्लाहर्टी आपल्याला उत्तरेचे लोक दाखवत होता. ते जगाला कसे दिसावेत हे त्याने आधी ठरवले होते. मामाआजोबांनी ठरवले होते ते एवढेच, की हे आईला दिसावे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली घरातल्या कुंडीत वाटाण्याचा वेल वाढताना टिपला आणि आपली बायकामुलेही टिपली; पण त्यांनाही पुढे भांडवलदाराला काही दाखवायचे होते. या रिळाची प्रेक्षक एकच होती.

म्हणून जाणकार जेव्हा अशा फितींना ‘इतिहासाची साधने’ म्हणतात, तेव्हा मला ते अपुरे वाटते. हे पत्र आहे, आणि पत्राची परीक्षा ते कोणाला लिहिले यावरून करायची. फ्रिज उघडणे आपल्याला पोरकट वाटते. पण पोरगा उपाशी तर नाही ना, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ओव्हरकोटाखालची साडी हेही उत्तरच आहे, आणि कदाचित थोडे खोटे. सासूबाईंसाठी त्या दिवशी मुद्दाम नेसली होती की काय, हे मामीआजींना विचारायचे राहून गेले.

१९७४ साली मामाआजोबा आले तेव्हा एक लहान प्रोजेक्टर ठेवून गेले. त्यानंतर दर दिवाळीला, पाडव्याच्या रात्री, फराळ उरकला की माजघराच्या भिंतीवर चादर बांधत. मी पाहू लागले ती १९८६-८७ पासून. पडद्यावर नुसता बर्फ आला की चादरीवरचा हळदीचा डाग स्पष्ट दिसे. पणजी पुढे पाटावर बसे. सून दिसे, नदी दिसे, शेगडी दिसे; मुलगा कुठेच नसे, कारण कॅमेरा त्याच्या हातात. फक्त एका ठिकाणी, सूर्य खूप खाली असताना, बर्फावर एक लांबलचक सावली पडते : दोन्ही कोपरे वर उचललेल्या माणसाची. सेकंद-दीड सेकंद, बस्स.

त्या जागी पणजी म्हणायची, “थांबव.”

थांबवता येत नसे. फीत दिव्यापुढे स्थिर राहिली तर जळते. थोरल्या मामाला ते ठाऊक होते; तो “हो हो” म्हणून पुढे चालवी. पण एका वर्षी, मामाआजोबांचे येणे तीन वर्षांवरून सहा वर्षांवर गेले तेव्हा, त्याने खरेच थांबवली. सावलीच्या खांद्यापाशी तपकिरी बुडबुडा उठला, पसरला आणि पडदा पांढरा झाला. करपल्याचा वास आला. कोणी काही बोलले नाही. पुढल्या वर्षी तुकडा जोडून रीळ पुन्हा लावले. सावलीच्या अंगावर तो डाग कायमचा राहिला. पणजी १९९१ साली गेली.

आता नवी आवृत्ती. सेकंदाला सोळा चित्रांनी घेतलेली फीत तिच्यात चोविसाने पळते, म्हणून मामीआजी बाहुलीसारख्या तुडतुडतात. मूळच्या नि:शब्दतेवर संतूर घातले आहे, जणू बर्फ म्हटला की काश्मीरच. नारिंगी झगझगाट गाळला आहे, त्यामुळे बाहेर आणि घर यांमधली ती धावाधाव गेली. आणि ‘खराब’ म्हणून करपलेली चित्रे कापली आहेत. त्यांबरोबर सावलीही गेली. रंग मात्र सुरेख उजळले आहेत, आणि मामीआजींचा चेहरा प्रथमच नीट दिसतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. त्यासाठी मी त्या मुलाची ऋणीही आहे.

त्याला मी हे सारे फोनवर सांगितले. तो कॅनडातच वाढलेला. पणजी त्याने पाहिलेली नाही. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, “ताई, तो डाग म्हणजे कोणीतरी थांबवायला सांगितले होते?” मी हो म्हटले. आठवड्याने त्याने दुसरी प्रत पाठवली : सोळाच्या गतीची, मुकी, डागासकट.

या पाडव्याला सांगलीच्या माजघरात पुन्हा चादर बांधायचे ठरले आहे. मूळ फीत लावायची की मोबाइलवरूनच दाखवायची, याचा वाद चालू आहे. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा अजून कुठे मिळालेला नाही.