सोळा विरुद्ध पाच

टोरांटोच्या शालेय मंडळाने मार्च २०२३ मध्ये जातीय दडपशाहीविषयीचा ठराव सोळा विरुद्ध पाच मतांनी संमत केला, तेव्हा आपल्या चळवळीतल्या अनेकांना आनंद झाला. तो रास्तच होता. पण त्या आनंदात एक साधा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. हे सोळा आणि हे पाच कोण? त्यांना तिथे बसवले कोणी?

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात महापौर, नगरसेवक आणि शालेय मंडळाचे ट्रस्टी चार वर्षांतून एकदा, एकाच दिवशी निवडले जातात. वर्गात मी ट्रस्टी हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांपुढे संस्थाचालक उभा राहतो : डोनेशन घेणारा, भाचे-पुतणे नोकरीला लावणारा. त्याला जनतेने निवडलेले नसते. टोरांटोचा ट्रस्टी मतावर येतो. पद लहान, सगळ्यांची नजर महापौराकडे. २०२२ च्या निवडणुकीत तिथे शंभरातल्या तीसेक मतदारांनीच मत दिले. अशा दुर्लक्षित पदावरून यालिनी राजकुलसिंगम यांनी शाळांतल्या जातीचा प्रश्न मांडला आणि प्रांताच्या मानवी हक्क आयोगाची मदत मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोगाने जातीय भेदभावाविषयी आपली भूमिका जाहीर केली.

त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या सिएटलच्या नगरपरिषदेने क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावरून जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तसेच विधेयक मात्र राज्यपालांनी नाकारले. वर अडले ते खाली झाले.

यावरून खालची सभागृहेच अधिक पुरोगामी, असा सिद्धान्त मांडायला आपले काही अभ्यासक उतावीळ होतात. मला तो मान्य नाही. महाड आठवावे. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, तळे होते तसेच राहिले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह त्या पाण्याला हात लावला, आणि ४ ऑगस्टला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हे शक्य झाले, कारण ज्यांच्यासाठी ठराव होता ते त्या सभागृहाचे मतदार जवळजवळ नव्हतेच. मताधिकार कर आणि मालमत्तेला बांधलेला होता. उपकार म्हणून आलेला ठराव राग आला की परत जातो.

टोरांटोत मालमत्तेची अट नाही, नागरिकत्वाची आहे. नुकत्याच आलेल्या कुटुंबाचे मूल त्या शाळेत बसते, आडनावावरून चाचपले जाऊ शकते, पण त्याच्या आईबापांना ट्रस्टी निवडता येत नाही. आपल्या लेखांत सोळा-पाचचा आकडा आला, हे आले नाही. आणि मत असून न देणाऱ्यांविषयीही कुणी चकार शब्द काढला नाही.

पुढचे तर अधिक बोलके आहे. जून २०२५ मध्ये प्रांत सरकारने पैशाच्या गैरव्यवस्थापनाचे कारण देऊन टोरांटोच्या मंडळावर पर्यवेक्षक नेमला आणि ट्रस्टींचे अधिकार काढून घेतले. कारण खरे की खोटे, हा वाद तिथल्यांनी लढावा. ठरावाचा आणि या आदेशाचा संबंध मी जोडत नाही. पण ज्या सभागृहात जातीचे नाव उच्चारले गेले, ते एका सहीने गप्प करता येते, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

ठाऊक असायला हवे, कारण आपणही ते भोगले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. राखीव प्रभागही नगरसेवकाविना राहिले. त्या काळात वस्तीतल्या बाईने नळाची, नाल्याची तक्रार कुणाच्या दारात न्यायची? माझ्या घरातली पहिली पदवी माझी. ती ज्या शाळेतून सुरू झाली ती जिल्हा परिषदेची. तिचे गळके पत्रे कधी बदलायचे, हे दिल्लीत ठरत नव्हते. तरीही आपली परिसंवादांची पत्रिका संसदेपासून सुरू होते आणि संसदेतच संपते.

परदेशातल्या आपल्या मंडळांची जयंती दरवर्षी थाटात होते. त्या सभागृहाच्या दाराशी मतदार नोंदणीचे एक टेबल मांडायला किती खर्च येईल?